मुलाबाळांना घेऊन वासोटा: संध्याकाळच्या बोटीपासून मागे मोजायचं गणित

कोयना जलाशयापलीकडच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याला निघालेली बहुतेक कुटुंबं चढावर हरत नाहीत, सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीच्या धक्क्यावर, म्हणजे बोट पकडायच्या ठिकाणीच हरतात. सकाळी साडेदहाला गाडीतून उतरायचं, परवान्याच्या रांगेत तासभर घालवायचा, बोटीत दीड तास बसायचं आणि दुपारी एक वाजता लहान पोरांना घेऊन चढायला लागायचं. अशा दिवशी निम्म्या वाटेतून परतावं लागतं, नाहीतर उतरताना जंगलात अंधार गाठतो. चढ अवघड म्हणून असं होत नाही. हिशेब सकाळपासून मांडलेला असतो म्हणून होतं. इथे तो संध्याकाळपासून मागे मांडावा लागतो.

वासोटा कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य आणि दक्षिणेकडचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. म्हणजे इथे नियम जंगलाचे चालतात. गडावर मुक्काम नाही, चूल नाही, वाट सोडून फिरणं नाही आणि संध्याकाळी उशिरापर्यंत रेंगाळणं नाही. माथा सुमारे ११७१ मीटरवर आहे. कोयनेचा जलाशय भरलेला असताना पाण्याची पातळी साधारण ६५९ मीटर असते. चढाई सुमारे ५०० मीटरची झाली. पाणी ओसरलं की त्यात थोडी भर पडते.

## १. आधी माणसं बघा, मग तारीख ठरवा

आठ वर्षांच्या पुढचं, रोज खेळणारं मूल हा चढ आरामात चढतं. पाच ते आठ वयाच्या मुलांचा भरवसा नसतो. चढतात धावत आणि उतरताना रडतात. पाचाच्या आतलं मूल पाठीवरच्या पाळणा-सॅकमध्ये नेता येतं, पण ते ओझं एकट्याने पूर्ण वाट वाहायचं नाही. आळीपाळीने वाहायला दोन धडधाकट माणसं हवीत. शिवाय वाटेवर फांद्या डोक्याच्या उंचीवर येतात. मोठा माणूस सवयीने वाकतो, पण पाठीवरच्या मुलाचं डोकं त्याच्याही वर असतं हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना "हळूहळू येतील" म्हणून नेऊ नका. चढ जमतो, उतारावर गुडघा बसतो आणि मग अख्ख्या घराची बोट चुकायची वेळ येते. त्यांच्यासाठी बामणोलीला चांगला दिवस जमवता येतो. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या संगमापर्यंत बोटीतून जाऊन यायचं, दुपारी भाकरी-पिठलं खायचं आणि कास तलावावर चक्कर मारायची. हा बेत घरातच पक्का करा. धक्क्यावर रुसवेफुगवे होतात आणि त्यातही वेळ जातो.

एका मोठ्या माणसामागे दोनच मुलं धरा. पाच मुलं आणि दोन मोठी माणसं हे प्रमाण घाटातल्या हॉटेलात चालेल, इथे चालणार नाही.

## २. कोणत्या महिन्यात जायचं

पावसाळ्यात हा भाग बंद असतो. उघडल्यानंतर हिवाळाभर जाता येतं, पण सगळा हिवाळा सारखा नसतो.

नोव्हेंबरात जलाशय तुडुंब असतो आणि बोट जंगलाच्या कडेला जवळपास टेकते. चालणं कमी होतं, पण गवत कमरेएवढं असतं, सकाळी दवाने पँट गुडघ्यापर्यंत भिजते आणि गोचिडांचा त्रासही असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी इतकी की परवाना आणि बोट यांतच सकाळ संपते. मुलांना सुट्टी असते हे खरं, पण तो आठवडा टाळा. मकर संक्रांतीनंतरचे दोन-तीन आठवडे, त्यातही मधल्या वारी, सगळ्यात सोयीचे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पाणी मागे सरकतं, गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि बारा वाजता उन्हाचा चटका बसायला लागतो.

सावध: वाघगणती, आगीचा धोका किंवा वनखात्याची इतर कामं यांमुळे एखाद्या दिवशी प्रवेश थांबवला जातो. निघण्याच्या दोन दिवस आधी बामणोलीत ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून "परवा जंगल सुरू आहे का, बोटी जातायत का" एवढं विचारा. फी आणि बोटीचा दरही तेव्हाच विचारून घ्या. इंटरनेटवर सापडणारे आकडे बहुधा दोन-तीन हंगाम जुने असतात.

## ३. महिनाभर आधी: एक चढ करून बघा

"आमची मुलं खूप चालतात" हे विधान मॉलमधल्या चालण्यावर आधारलेलं असतं. पुण्याकडच्यांनी आतकरवाडीतून सिंहगड पायी चढून उतरावा. तो चढ वासोट्याहून थोडा जास्तच आहे. मुंबई-पनवेलकडच्यांनी कर्नाळा करावा. साताऱ्याच्या लोकांना अजिंक्यतारा आहेच, पण तो दोनदा चढा, एकदा पुरत नाही.

सरावात तीन गोष्टी टिपून ठेवा: मूल किती मिनिटांनी पहिल्यांदा "अजून किती राहिलं" विचारतं, दोन तासांत किती पाणी पितं आणि उतरताना बूट कुठे लागतो. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेतीन तासांपेक्षा जास्त लागले, तर वासोटा पुढच्या वर्षी करा.

नवे बूट याच सरावात घाला. वासोट्याच्या दिवशी पहिल्यांदा घातलेल्या बुटांची किंमत टाच मोजते.

## ४. सामान: जडपणा आणि प्लास्टिक

पाणी. मोठ्या माणसाला अडीच लिटर, मुलाला सव्वा ते दीड लिटर. पायथ्याच्या ओढ्याला हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी असतं, पुढे ते डबक्यापुरतं उरतं. माथ्यावर टाकं आहे, पण ते पाणी थेट मुलांना देऊ नका. क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा, मगच प्या. टाक्याचा आधार अडचणीपुरता धरा.

बाटल्या स्टीलच्या घ्या. जंगलाच्या चौकीवर सॅक उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या जातात, नोंद होते, अनामत ठेवावी लागते आणि परत येताना तेवढ्याच वस्तू दाखवाव्या लागतात. सहाजणांच्या सॅकमधली वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे आणि चॉकलेटची वेष्टणं एकेक करून मोजायला लागतो तो वेळ तुमच्या चढाईतून कापला जातो. घरीच सगळं सोडून डब्यात भरलं तर चौकीवर पाच मिनिटांत सुटका होते.

खाणं. पोळीत भाजी गुंडाळून, थालीपीठ, गुळपोळी, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की. प्रत्येकाचा डबा प्रत्येकाच्या सॅकमध्ये. सगळं एकाच डब्यात ठेवलं तर तो डबा नेमका पुढे गेलेल्या काकाकडे असतो. संत्री आणि केळी चांगली, पण सालंही परत आणायची. "साल कुजतं" हे खरं असलं तरी माकडं आणि रानडुकरं वाटेवर येऊन बसायला अशाच सालांमुळे शिकतात. शिजवलेल्या भातासारखं दुपारपर्यंत आंबणारं काही नको.

कपडे. इथे लोक दोन टोकांच्या चुका करतात. सकाळच्या बोटीत पाण्यावरचा वारा हाडात शिरतो. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून आलेली मुलं पाऊण तासात कुडकुडायला लागतात. मग कोणीतरी जाड स्वेटर घालून देतं आणि तो अंगातच ठेवून चढ सुरू होतो. वीस मिनिटांत मूल घामाने निथळतं आणि माथ्यावरच्या वाऱ्यात तोच घाम गार पडतो. म्हणून एकावर एक पातळ थर घाला: आत लवकर वाळणारा टी-शर्ट, वर पातळ लोकरीचं किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी. चढायला लागायच्या आधी, अंगात गारठा असतानाच वरचे दोन थर काढून सॅकमध्ये टाका. सुरुवातीची पाच मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे, तरच कपडे बरोबर आहेत. एक कोरडा बनियन प्रत्येक मुलासाठी वेगळा ठेवा, माथ्यावर बदलायला.

पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट. पँटचे पाय मोज्यात खोचायचे. फोटोत वाईट दिसतं, पण गोचीड कातडीवर चढण्याऐवजी कापडावर फिरत राहते आणि दिसते. त्यासाठी फिक्या रंगाची पँट बरी. भडक रंग आणि अत्तर नको.

औषधं. ओआरएसची सहा पाकिटं, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, बारीक टोकाचा चिमटा, जंतुनाशक, तापाचं औषध मुलाच्या वजनानुसार, उलटीची गोळी (सातारा-बामणोली रस्ता वळणांचा आहे). दमा असेल तर इनहेलर सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, दोन मोठ्यांकडे डोक्याला बांधायचा टॉर्च. "आपण अंधाराच्या आत येणार आहोत" म्हणून टॉर्च न नेणारे नेमके अंधारात सापडतात.

कागद. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र, मूळ आणि झेरॉक्स. सगळ्यांची नावं, वयं आणि एक फोन नंबर लिहिलेला कागद, दोन प्रतींत. हा कागद घरी लिहिला की परवान्याच्या टेबलावर दहा मिनिटं वाचतात.

## ५. आदल्या दिवशी

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर, मुंबईहून अडीचशेच्या घरात. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासवरून बामणोलीला आणखी सदतीस-अडतीस किलोमीटर, आणि त्याला सव्वा ते दीड तास धरा. त्याच दिवशी पुण्याहून निघून वासोटा करता येतो, मोठी माणसं करतातही. मुलांना घेऊन ते करू नका. पहाटे तीनला उठवलेलं मूल अकरा वाजता चढावर झोपेला येतं.

आदल्या दिवशी दुपारी साताऱ्यात टाकी भरा आणि रोख पैसे काढा. पुढे एटीएमची आशा धरू नका. नेटवर्क नसलं की मोबाइलवरून पैसे पाठवणंही अडतं. औषधाचं राहिलेलं सामानही इथेच घ्या. अंधार पडायच्या आत बामणोली किंवा शेंबडीच्या बाजूला मुक्कामाला पोचा. महाबळेश्वरच्या बाजूने येणाऱ्यांना तापोळ्याहून बोट मिळते, पण पाण्यातलं अंतर वाढतं आणि तेवढा वेळ दिवसातून जातो.

रात्री जलाशयाच्या काठी चांगलाच गारठा पडतो. तंबूत राहणार असाल तर खाली जाड चटई हवी. अंगावर दोन पांघरुणं घेऊन खाली काहीच नसेल तर थंडी जमिनीतून येते, आणि बहुतेक जण रात्रभर वरचं पांघरूण वाढवत बसतात.

झोपण्यापूर्वी तपासा: मुलांच्या पायाची नखं कापली आहेत का? वाढलेलं नख उतारावर बुटाच्या टोकावर आपटतं आणि दोन तासांत काळं पडतं.

## ६. उलटं वेळापत्रक

हे कागदावर लिहून सॅकला बांधा.

संध्याकाळी ५.३०: बामणोलीत परत. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमाराला मावळतो.
४.००: बोट किनाऱ्यावरून निघते.
३.४५: चौकीवर प्लास्टिकची मोजणी.
१.३०: माथ्यावरून उतरायला सुरुवात. मुलांसह सव्वादोन तास.
१.००: माथा गाठला नसेल तर परत फिरण्याची वेळ. जिथे असाल तिथून.
१२.३०: माथा.
१०.००: चढायला सुरुवात. मुलांसह अडीच तास.
९.३०: बोट पलीकडे लागते.
८.००: बामणोलीहून बोट सुटते.
७.००: परवान्याच्या कचेरीसमोर तुमचा माणूस उभा.

एकची वेळ ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. "दरवाजा समोर दिसतोय, पंधरा मिनिटांत पोचू" ही पंधरा मिनिटं माथ्यावरच्या फोटोंसह तासभर होतात. घरातल्या एकाच माणसाला ही वेळ पाळायचा अधिकार द्या, आणि तो माणूस चढाईचा सगळ्यात हौशी गडी नसावा.

वनखात्याने किंवा नावाड्याने त्या दिवशी परतायची वेळ याहून आधीची सांगितली, तर सगळं वेळापत्रक तेवढंच आधी आणा.

## ७. धक्क्यावर: परवाना, बोट, जाकीट

क्रम असा: आधी वनखात्याचा परवाना, मग बोट. काही जण आधी बोटवाल्याशी घासाघीस करत बसतात आणि तोवर परवान्याच्या रांगेत पुढे पंधरा गट लागतात. एकाने रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने मुलांना पोहे खाऊ घालायचे.

भाडं सहसा पूर्ण बोटीचं असतं आणि बोटीत दहा-बाराजण बसतात. चारजणांच्या कुटुंबाला दुसऱ्या कुटुंबाबरोबर बोट वाटून घेता येते, पण कॉलेजच्या गटाबरोबर घेऊ नका. ते दीड तासात चढून येतात आणि खाली तुमची वाट बघत बसतात, किंवा तुम्हाला त्यांची बघावी लागते. बोट तुमच्यासाठी पलीकडे थांबणार असते, तर किती तास आणि जास्त थांबल्यास काय, हे निघण्याआधी ठरवा. नावाड्याचं नाव आणि बोटीचा नंबर लिहून घ्या. संध्याकाळी एकसारख्या दहा बोटी उभ्या असतात.

याच वेळी स्थानिक वाटाड्या घ्या. वाट मळलेली आहे, चुकण्याची भीती फार नाही. पण गवा कुठे उतरतो, आज वाटेवर काय झालंय, कुठल्या फाट्यावर लोक चुकतात, हे त्याला ठाऊक असतं. मूल दमलं तर सॅकही तोच उचलतो.

आता जाकीट. बोटीतली जाकिटं बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात. मुलाला ती घालून, सगळे पट्टे आवळून, खांद्याजवळ दोन्ही हातांनी धरून वर उचला. जाकीट वर सरकून कानाशी आलं तर पाण्यात ते डोक्यातून निघून जाईल आणि मूल खाली राहील. लहानांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो नसेल तर लहान मुलासाठी ते जाकीट निरुपयोगी आहे. ओढणीने बांधून वेळ मारून नेऊ नका. आधी फोनवर लहान मापाचं आहे का विचारा. नसेल तर मुलाच्या वजनाचं स्वतःचं विकत घेऊन या. कोयनेचं पाणी खोल आणि गार आहे. पोहता येणाऱ्या मोठ्यांनीही जाकीट घालायचं.

सावध: आठ वाजून गेले, मग नऊ वाजले आणि अजून बोट नाही? साडेनऊपर्यंत बोट सुटली नाही तर वासोटा सोडा आणि संगमाची फेरी करा. घाई करून वेळ भरून निघत नाही. चढण्याचा वेग सगळ्यात लहान मूल ठरवतं.

## ८. पलीकडचा किनारा आणि चौकी

गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीच्या बाजूला बोट लागते तिथे पक्का धक्का असेल असं धरू नका. पाणी ओसरलं असेल तेव्हा समोर तपकिरी, भेगाळलेला, वरून कोरडा दिसणारा गाळ असतो. वरची साय वाळलेली, खाली लोणी. मूल उडी मारून उतरलं की घोट्यापर्यंत जातं, बूट आत राहतो आणि मोजा बाहेर येतो. दिवसाची सुरुवातच ओल्या पायांनी होते, आणि ओला मोजा म्हणजे तासाभरात फोड. आधी मोठ्याने उतरून पाय दाबून बघायचा, दगड किंवा फळी असेल तिथूनच जायचं आणि मुलांना हात धरून उतरवायचं. मोज्यांची एक जादा जोडी याचसाठी हवी.

चौकीवर परवाना दाखवा, प्लास्टिक मोजून घ्या आणि नोंदीची पावती जपून ठेवा. सगळ्यांनी इथेच लघवीला जाऊन यावं, वर काही सोय नाही. वरचे कपडे काढायचे तेही इथेच.

## ९. चढ

सुरुवातीला ओढ्याच्या काठी मारुती आणि गणपतीची मूर्ती आहे. तिथपर्यंत वाट जवळपास सपाट. मुलं इथे पळतात, आणि इथेच त्यांना रोखायचं. पहिली वीस मिनिटं मुद्दाम कंटाळवाण्या चालीने चाला.

पुढे वाटाड्या किंवा एक मोठा, मध्ये मुलं, शेवटी दुसरा मोठा. शेवटचा माणूस कधीही कोणाच्या पुढे जात नाही. चाल अशी की मुलाला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर दम घ्यावा लागला तर वेग जास्त झालाय. पंचवीस मिनिटं चालणं, पाच मिनिटं थांबणं. बसायचं नाही, उभ्यानेच. बसलं की पाय जड होतात. प्रत्येक थांब्यावर दोन घोट पाणी, मागो अगर न मागो. हिवाळ्यात तहान उशिरा लागते आणि मूल माथ्यावर डोकं दुखतं म्हणून बसून राहतं. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मधल्या टप्प्यात झाडी इतकी दाट आहे की ऊन जमिनीपर्यंत येत नाही. इथे एक फाटा फुटतो. एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे जाते, दुसरी वासोट्यावर. एका दिवसात मुलांना घेऊन दोन्ही होत नाहीत. फाट्यावर मागच्या माणसाची वाट बघा. पुढे गेलेला चुलतभाऊ चुकीच्या वाटेला लागतो तो इथेच.

तपासा, दुपारी १२ वाजता: दाट जंगल संपून कारवीची झुडपं आणि उघडी जागा लागली का? लागली असेल तर वेळेत आहात. अजून गर्द सावलीतच असाल तर माथ्याचा नाद सोडा, तिथेच डबे उघडा आणि एक वाजता उतरायला लागा.

गवा दिसला तर थांबा. तो म्हशीसारखा दिसतो म्हणून लोकांना म्हशीइतकाच गरीब वाटतो. पळायचं नाही, हाकलायचं नाही, फोटोसाठी पुढे जायचं नाही. मुलांना मधोमध घेऊन सावकाश मागे सरायचं आणि जाड झाडाच्या आड उभं राहायचं. त्याची वाट मोकळी ठेवली की तो जातो. अस्वलाचा धोका अचानक समोरासमोर येण्यात असतो, म्हणून वळणांवर नेहमीच्या आवाजात बोलत राहावं. स्पीकर मात्र नको. झाडावर शेकरू दिसलं तर मुलांना दोन मिनिटं गप्प उभं करा. तेवढाच थांबा वेळापत्रकाबाहेरचा चालेल.

शेवटी पायऱ्या आणि पडके दरवाजे लागतात. पायऱ्यांचे दगड झिजलेले आणि सुटे आहेत. मुलांनी हात मोकळे ठेवायचे, काठ्या मोठ्यांकडे.

## १०. माथा

पोचल्याबरोबर ओला बनियन बदलायचा, मग टोपी-जाकीट, मग डबा. हा क्रम उलटा झाला की मूल जेवतानाच शिंकायला लागतं.

बिनछपराचं मारुतीचं देऊळ, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा, हे सगळं तासाभरात बघून होतं. लोक मुख्यतः येतात ते बाबूकड्यासाठी. समोर जुना वासोटा म्हणजे शेजारचा डोंगर, मधे खोल दरी. कड्याला कठडा नाही. काठापासून तीन मीटरवर एक सॅक ठेवा आणि मुलांना सांगा की सॅकच्या पुढे कोणी जायचं नाही. वाळलेलं गवत काठाच्याही पुढे झुकलेलं असतं आणि जमीन कुठे संपते ते त्यात कळत नाही. फोटो मागून घ्या, पोटावर झोपून वाकून बघण्याचा खेळ नको.

आणि आरोळ्या देऊ नका. प्रतिध्वनी छान येतो हे खरं, पण सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, अत्तर, दगड भिरकावणं यांनी ती उठतात. उठलीच तर बसून राहायचं नाही, मुलांचं डोकं-तोंड जाकिटाने झाकून झाडीकडे सुटायचं.

## ११. उतार: अपघात इथे होतात

उतरायच्या आधी सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधा, घोट्याजवळ घट्ट, म्हणजे पाय पुढे सरकून बोटं आपटत नाहीत.

जानेवारीपासून वाटेवर पानांचा थर असतो आणि त्याखाली सुपारीएवढे गोल खडे. वरून दिसतं पान, पाय पडतो खड्यावर. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, तीव्र जागी आडवं वळून. मोठ्या माणसाने मुलाच्या पुढे, एक पायरी खाली राहायचं. मागून कॉलर धरून उतरवलेलं मूल तुम्हालाच घेऊन पडतं.

पाय मुरगळला तर बूट काढू नका. सूज चढली की तो परत जात नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा आणि काठीच्या आधाराने उतरवा. बोटं बधिर किंवा निळसर वाटली तर मात्र बँडेज आणि नाड्या सैल करा. साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांतलं काहीही करायचं नाही. दागिने, कडं काढा, तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला उचलून आणा आणि एकाला पुढे चौकीवर पळवा. इथून बोट आणि मग साताऱ्याचा रस्ता म्हणजे किमान तीन तास. म्हणून हात न बघता दगडाखाली घालायचा नाही, हे मुलांना सकाळीच सांगून ठेवा.

## १२. परत आल्यावर

चौकीवर मोजणी आणि अनामत, मग बोट. बोटीत बसायच्या आधी माणसं मोजा, जाकिटं परत घाला. दमलेलं मूल जाकीट टोचतं म्हणून काढू पाहतं, काढू देऊ नका. वारा पुन्हा सुटलेला असतो, तेव्हा वरचे थर अंगावर चढवा.

मुक्कामावर पोचलात की आंघोळीआधी उजेडात प्रत्येक मुलाचं अंग तपासा: कानामागे, मानेवर केसांच्या रेषेत, काखेत, बेंबीत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्याच्या मागे. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमटा कातडीला टेकवून तिचं तोंड पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. रॉकेल, चुना, जळती काडी यांपैकी काही लावू नका. त्याने ती आतलं लाळेसकट ओकते. जागा साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की जंगलात जाऊन आलो होतो आणि गोचीड चावली होती. कपडे घरी पोचेपर्यंत वेगळ्या कापडी पिशवीत, तोंड बांधून.

त्याच रात्री गाडी हाणत पुण्या-मुंबईकडे निघू नका. चालवणाराही दिवसभर चढलेला असतो, आणि कासवरून यवतेश्वरापर्यंतचा रस्ता अंधारात वळणावळणाचा आहे. जेवण सकाळीच सांगून ठेवलं असेल तर सात वाजता गरम भाकरी मिळते. न सांगता आलात तर चूल पेटेपर्यंत मुलं झोपलेली असतात.